चोच लाल व्हायच्या आधी

रायपुरजवळच्या अभनपुरच्या रस्त्यावर पैऱ्याचा वास सुटला आहे. धान कापून झालं की मागं जो पेंढा उरते ना, त्याले आमच्या इकडे पैरा म्हणतात. रात्रभर दवात भिजलेला पैरा सकाळच्या उन्हात वाळाले लागला की असा काही वास येते की स्कूटी आपोआप हळू होते. काल माझी झाली. मागून ट्रॅक्टरवाल्या भैयानं हॉर्नवर हॉर्न मारला, "चल ना दीदी, रस्ता तोर आय का?" म्हणजे, रस्ता तुझा आहे का? तरी मी हळूच. कारण हा वास नाकात गेला की माझे कान उभे राहतात. वास आला तर नाकानं पाहावं, कान काहून मधात पडतात? तेच सांगाले बसली आहे. बोटं इतकी घाईत आहेत की अर्ध्या काना-मात्रा मोबाईलच टाकून राहिला. टाकू दे.

तर दोन वर्षांआधीची कापणी. तेव्हा मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाले होती. झूऑलॉजी. अन् त्या हंगामात माझं, माझ्या मामेभाऊ सौरभचं अन् एका डॉक्टर दीदीचं जगात एकच काम होतं. काही पिल्लं होती, त्यायले त्यायचं स्वतःचं गाणं आलं पाहिजे. बस. आलं तर आभाळ, नाही तर जन्मभर जाळी.

पिल्लं हिरव्या मुनियाची. तुम्ही पाहिली नसेल, बहुतेकांनी नाही पाहिली. चिमणीहून लहान. वरून कच्च्या कैरीसारखी हिरवी, खालून पिवळी, अन् दोन्ही कुशींवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, जसं कोणी ओल्या रंगावर कंगवा फिरवला. मोठ्या पाखराची चोच लालभडक, डाळिंबाचा दाणा. इतकी सुंदर आहे म्हणूनच बिचारीचं वाटोळं झालं. पकडतात अन् पिंजऱ्यात विकतात. आधीच आपल्या मध्य भारताच्या पट्ट्यातच राहते, त्यात हे.

आमच्या वाली तर बसच्या टपावरून आली. कांद्याच्या पोत्यांमागं एक झाकलेली टोपली सापडली. टोपलीवाला बस थांबली तसा पळाला, अन् वनविभागानं टोपली बचाव केंद्रात आणून दिली. केंद्र म्हणजे फार काही नका समजू. शहराबाहेर एक मोठा जाळीचा पिंजरा, एक उपचाराची खोली, एक चहाची शेगडी. नीलिमा दीदी तिथं पाखरांच्या डॉक्टर. मी अन् सौरभ तिथं सुट्टीच्या दिवशी झाडू मारायचो, पाणी बदलायचो, अन् स्वतःले फार मोठे समजायचो.

रेंजर साहेबांनी पहिलं काय केलं असेल? खिशातला रुमाल ओला केला अन् एका पाखराले हळूच घासून पाहिलं! कारण बाजारात साध्या मुनियांनाच हिरवा रंग मारून विकतात. त्यायले वाटलं आपलीही फसवणूक होऊन राहिली.

"रंग तो पक्का है," साहेब म्हणाले.

"सर, रंग नहीं, चिड़िया ही पक्की है," दीदी म्हणाल्या, अन् त्यायचा आवाज असा झाला होता जसं कोणी त्यायच्या हातात लेकरू दिलं.

टोपलीतले बहुतेक पोट्टे होते. म्हणजे पिल्लंच, नुकती उडाले लागलेली, मळकट रंगाची, पट्ट्या नाही, अन् चोच काळी. एक म्हातारा नर होता, त्याचा पंख मोडून वाकडाच जुळलेला. त्याले वेगळं उपचाराच्या खोलीत ठेवलं. तो तोंडातून आवाज काढेना. त्याच्या पिंजऱ्यावर फडकं टाकून आम्ही त्याले आराम करू दिला, अन् खरं सांगते, विसरलोच त्याले.

आता अडचण काय होती ते पाहा. पाखरं कुठून पकडली ते कोणाले माहीत नाही, तर घरी नेऊन सोडायचा प्रश्नच मिटला. नवीन घर शोधावं लागणार. दीदींनी शोधलंही होतं. अभनपुरच्या पुढं कालव्याच्या काठी उंच गवत, बाजूले ऊसाचा एक तुकडा, अन् तिथं जंगली हिरव्या मुनियांचा एक छोटासा थवा. जागा फक्कड. पण तिथल्या थव्यानं या नवीन लोकांले घ्यायले तर पाहिजे ना!

अन् इथं गाणं येते मधात.

हे मले तेव्हा पहिल्यांदा कळलं अन् मी दोन दिवस ज्याले भेटेल त्याले सांगत सुटली होती. ऑटोवाल्या भैयाले पण सांगितलं. गाणाऱ्या पाखराले गाणं जन्मतः येत नाही! शिकावं लागते! पिल्लू आधी नुसतं ऐकते. बाप गाते, शेजारचा नर गाते, हे ऐकते अन् डोक्यात साठवते. मग एक दिवस स्वतः बडबडाले लागते. आपलं लेकरू कसं बा-बा-गा-गा करते, तसंच, काही म्हणजे काही अर्थ नाही. मग रोज थोडं थोडं घासून पुसून ते गाणं होते. मुनियात गाणं नराचं काम. अन् एकदा गाणं पक्कं झालं की दार बंद. मग जे आलं ते आलं, जन्मभर तेच. ज्याले आपल्या जातीचं गाणं आलंच नाही, त्याच्याकडं मादी पाहत नाही, थवा त्याले धरत नाही, अन् एकट्या पडलेल्या मुनियाले शिकरा कधी उचलते ते कळतही नाही.

"दार कब बंद होगा?" मी विचारलं होतं.

"इनकी चोंच देख," दीदी म्हणाल्या. "काली है तब तक सीख रहे हैं समझ. लाल होने लगी मतलब बड़े हो गए."

झालं. त्या दिवसापासून मी पुस्तकांपेक्षा जास्त चोची वाचल्या.

रेंजर साहेबांनी अट घातली ती चुकीची नव्हती, हे आता कळते. तेव्हा तर लय राग आला होता. म्हणे, सोडायचं तर कापणीच्या दिवसांतच सोडायचं. शेतात धान सांडलेलं राहते, गवताले बी राहते, नवीन जागी पोटाची चिंता नाही. पण मुकी पाखरं नाही सोडू देणार. कापणी संपेपर्यंत गाणं नाही आलं तर सगळे प्राणीसंग्रहालयाच्या मोठ्या पिंजऱ्यात जातील. "जिंदा तो रहेंगे," साहेब म्हणाले. मी केंद्रातून घरी येईपर्यंत हेल्मेटच्या आत रडली.

आधी आम्ही स्पीकर लावला. दीदींच्या एका मित्रानं जंगलात हिरव्या मुनियाचं गाणं रेकॉर्ड केलेलं होतं. काय गाणं आहे ते! आधी बारीक बारीक मणी ओघळल्यासारखे सूर, अन् शेवटी एक लांब त्रिर्रर्रर्र, जसं कोणी काचेच्या बांगड्यांवरून बोट फिरवलं. आम्ही पिंजऱ्यात स्पीकर टांगला, सकाळ-संध्याकाळ लावला, अन् झाडामागं लपून बसलो.

पोट्ट्यांनी स्पीकरकडं पाठ केली. सगळ्याच्या सगळ्यांनी. एकानं तर त्याच्यावर बसून घाण केली.

"ऑनलाइन क्लास चल रही है," सौरभ म्हणे. "तू भी तो कैमरा बंद करके सोती थी."

हा सौरभ मराठी सगळं समजते, बरं का. त्याची आई, म्हणजे माझी मामी, त्याले मराठीत शिव्या देते, तो हिंदीत माफी मागते. मी म्हटलं, "भैताडा, काहीतरी डोकं लाव ना, नुसता दात काढून राहिला." तो म्हणे, "लगा तो रहा हूँ."

अन् मग आम्ही जे डोकं लावलं ना, बाप्पा! ते फक्त रायपुरातलेच लोक लावू शकतात.

आमच्या इकडे कापणीच्या दिवसांत धानाच्या ओंब्या विणून झालर करतात अन् दारावर टांगतात. चिरई-चुगनी म्हणतात तिले. नवीन धान घरात आलं तर पहिलं पाखरांनी खावं, म्हणून. दिवाळीच्या आसपास ब्राह्मणपाऱ्यात जा, दारोदार सोन्याची तोरणं टांगल्यासारखं दिसते. तर आमचं तिघांचं एकमतानं ठरलं, हे पोट्टे घाबरले आहेत, म्हणून शिकत नाहीत. त्यायले शेतासारखं वाटलं पाहिजे. चिरई-चुगनी टांगू!

मी अन् सौरभ स्कूटी घेऊन ब्राह्मणपाऱ्यात फिरलो. दुकानातल्या घेतल्या, अन् कशाले पाहिजे ते सांगितलं तर लोकांनी आपापल्या दारावरच्या काढून दिल्या. एक काकू म्हणाल्या, "ले जा बेटी, हमर चिरई मन तो मोटा गे हें." म्हणजे आमच्या चिमण्या तर खाऊन लठ्ठ झाल्या. येताना सौरभच्या गळ्यात, खांद्यावर, हेल्मेटवर झालरीच झालरी. सिग्नलवर एका गाईनं त्याच्या पाठीचा घास घेतला. पिंजऱ्याच्या आत टांगल्या, बाहेर चारी बाजूले टांगल्या. असं दिसून राहिलं होतं जसं मुनियाचं लग्न आहे.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. चिमण्यांचं. अख्ख्या शहराच्या चिमण्या पत्ता विचारत आल्या जणू. जाळीवर चिमण्या, तारेवर चिमण्या, शेगडीवर, दीदींच्या स्कूटीच्या आरशावर. अन् चिवचिव म्हणजे किती? एकमेकांशी बोलाले आम्हाले ओरडावं लागे. पण आम्ही खूश! वाटलं, वा, रौनक आली.

मग एका सकाळी निळा फांदीवर बसलेला. सगळ्यांच्या पायात आम्ही रंगीत कडी घातली होती ओळखाले, त्याच्या पायात निळी, म्हणून तो निळा. सगळ्यात धीट अन् सगळ्यात खादाड. त्यानं गळा फुगवला, मान लांब केली, पिसं उभी केली. मी दीदींचा हात धरला. आज! आज हा गाणार!

"चिव," निळा म्हणाला.

दीदींच्या हातातला चहा सांडला.

"चिव चिव," बाजूचा म्हणाला. अन् तिसरा तर असा रंगात आला की वळचणीतली चिमणीही म्हणाली असेल, कोण बाप्पा हा आमच्यातला?

हसा. आता मीही हसते. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. निळ्याच्या चोचीच्या बुडाशी पहिला लाल ठिपका दिसला होता. शेतं अर्धी रिकामी झाली होती. अन् आमची पोट्टे मंडळी मन लावून, जीव तोडून, चुकीचं गाणं शिकून राहिली होती, अन् त्यायची काही चूक नव्हती. जे कानावर पडलं ते घेतलं. लेकरू दुसरं काय करणार?

त्याच आठवड्यात मी नागपूरले गेली, चुलत बहिणीच्या लग्नाले. आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरहून रायपुरले आले अन् इथलेच झाले, पण नातेवाईक सगळे तिकडं. मांडवात मी कोणाले तरी म्हटलं, "हव, मी घेऊन येते ना." रायपुरात आम्ही "हो"ले "हव" म्हणतो. अख्खा घोळका हसला. "हव म्हणते! हे कोणती मराठी बोलून राहिली बे? अर्धी हिंदी, अर्धी काय का!" प्रेमानंच म्हणत होते. मी पण हसली. पण रायपुरात कॉलेजमध्ये मी बोलली तर म्हणतात, "तुम मराठी लोग बोलते कैसा हो." म्हणजे इकडं मी तिकडची, तिकडं इकडची. वरातीत बँडच्या मागं नाचता नाचता मले निळा आठवला. गळा फुगवून पूर्ण आत्मविश्वासानं "चिव" म्हणणारा निळा. अन् मले इतकी घाई सुटली की मी दुसऱ्या दिवशीची पूजा सोडून सकाळच्याच गाडीनं परत आली. आई फोनवर म्हणे, "पाखरांचं लग्न आहे का तिथं?" मी म्हटलं, "होईल ना आई, आधी गाणं तर येऊ दे!"

आल्या आल्या झालरी उतरवल्या. सगळ्या नेऊन पार मागच्या फाटकावर टांगल्या. चिमण्या तिकडं गेल्या. केंद्र एकदम शांत झालं. इतकं शांत की सिलतऱ्याच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या ट्रकांचा लांबचा गुरगुराट ऐकू येत होता. आम्ही तिघं उन्हात पायऱ्यांवर बसलो. उपचाराच्या खोलीत ऊन यावं म्हणून दीदींनी खिडकी उघडून ठेवली होती.

अन् त्या खिडकीतून, देवाशपथ, मणी ओघळले.

आधी वाटलं सौरभनं मोबाईलवर लावलं. मी त्याच्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहून राहिला होता, तोंड उघडं. अन् मग शेवटची ती लांब त्रिर्रर्रर्र, थोडी थरथरती, थोडी घसरती, पण पूर्ण.

म्हातारा! वाकड्या पंखाचा, मुका समजलेला, फडक्याखालचा आमचा म्हातारा. इतके दिवस चिमण्यांच्या कल्लोळात तो गप्प होता. की गातही असेल अन् आम्हाले ऐकूच आलं नसेल, कोण जाणे. शांतता झाली, ऊन आलं, अन् बाबा सुरू झाले.

पण त्याले पिंजऱ्यात पोट्ट्यांमध्ये ठेवायचं म्हटलं तर सोपं नव्हतं. तो कमजोर होता. हाताळलं तर घाबरून जीव जाऊ शकते, हे दीदीच म्हणत होत्या. साहेब आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "बुड्ढा मर गया तो जवाब कौन देगा?"

"मैं दूँगी," दीदी म्हणाल्या.

"अन् मी पण," मी म्हटलं. माझं कोण विचारून राहिलं होतं? पण म्हटलं.

साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "हव. करके देख लो."

म्हाताऱ्याले हातात न घेता, पिंजऱ्यासकट नेलं, मोठ्या पिंजऱ्याच्या मधात एका कमी उंचीच्या फांदीशी ठेवलं अन् दार उघडं केलं. तो टुणकन फांदीवर आला. पिसं फुगवली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पोट्टे दूर कोपऱ्यात गोळा होऊन बसलेले. बराच वेळ काहीच नाही. सौरभ म्हाताऱ्याकडं बोट दाखवून माझ्या कानात म्हणे, "सर को चाय पिला दूँ क्या?" मी त्याले कोपर मारलं.

मग म्हातारा गायला.

अन् त्यानंतर मी जे पाहिलं ते मले म्हातारपणीही दिसत राहील. निळा हलला. एक फांदी पुढं, मग अजून एक. अन् उडून सरळ म्हाताऱ्याच्या बाजूले बसला, एकदम चिकटून. मग त्यानं मान वाकवली अन् आपलं डोकं म्हाताऱ्याच्या चोचीपाशी नेलं. इतकं जवळ की गाणं बाहेर पडताना त्याच्या कानालेच लागत असेल. तसाच थांबला. हलला नाही. मग दुसरा आला, दुसऱ्या बाजूले. मग तिसऱ्याले जागा नाही तर तो निळ्याच्या पाठीवरूनच मान काढून ऐकाले लागला. एक म्हातारा गाऊन राहिला अन् त्याच्या तोंडाशी ही पोट्ट्यांची रांग, सगळ्यांच्या माना वाकड्या, सगळे स्तब्ध. स्पीकरले पाठ दाखवणारे हेच ते!

दीदी फुसफुसल्या, "इसको पीयरिंग बोलते हैं, किताब में पढ़ा था बस." अन् ढसाढसा रडाले लागल्या. पाखरांच्या डॉक्टर! मी तर आधीच सुरू झाली होती.

नंतरचे दिवस म्हणजे, काय सांगू, रियाजाचे दिवस. मी केंद्रातच राहाले गेल्यासारखी होती. ब्राह्मणपाऱ्यातून राळ्याच्या पिशव्या आणायची, बाजरीपेक्षा बारीक ते दाणे, मुनियांचा जीव त्याच्यात. सकाळी दवात पिंजऱ्याची जाळी चमकायची, अन् आत सगळीकडून पुटपुट. कोणाची सुरुवात बरोबर तर शेवट गायब. कोणी मधूनच सुरू करे. निळा तर अजून मधात एखादी "चिव" टाकून देत असे, जसं मी मराठीत "हव" टाकते. पण हळूहळू मणी ओवले जात होते. आज तीन सूर, परवा पाच. चोचीवरचा लाल रंगही पुढं सरकत होता. मी फांद्यांखाली बसून डोळे मिटायची अन् कोण गाऊन राहिला ते नुसतं ऐकून सांगायची. पिवळ्याची सुरुवात घाईची. लाल कडीवाला शेवटी दम घेते. निळा त्रिर्र करताना खाली घसरते, एकदम म्हाताऱ्यासारखा. सौरभ पायातली कडी पाहून तपासायचा अन् मी कधीच चुकत नव्हती. "तू न, चिड़िया ही है," तो म्हणे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक.

साहेब परीक्षा घ्यायले आले तर सगळे चूप! खुर्ची टाकून बसले, गॉगल लावून. एक नाही बोलला. मी मनात म्हणून राहिली, अरे बाबांनो, आज नका ना इज्जत काढू. मग दीदींनी हळूच सांगितलं, "सर, चश्मा उतार दीजिए, डर रहे हैं." साहेबांनी गॉगल काढला. मोबाईल बंद केला. ऊन थोडं सरकलं. अन् निळ्यानं सुरुवात केली, पूर्ण, पहिल्या मण्यापासून शेवटच्या घसरणीपर्यंत. त्याच्या मागं पिवळा. त्याच्या मागं लाल. साहेब खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "ले जाओ. कल ही ले जाओ." अन् जाता जाता ड्रायव्हरले, "सुना क्या? सुना तूने?"

कालव्याच्या काठी आम्ही आधी पोट्ट्यांसकट एक छोटा पिंजराच नेऊन ठेवला, नवीन जागेची ओळख व्हावी म्हणून. मग दार उघडलं. अन् खरं सांगते, मले वाटत होतं गोष्ट इथं संपली. नाही संपली! अभनपुरच्या मुनियांचं गाणं वेगळं निघालं! म्हणजे मणी तेच, पण शेवटची त्रिर्र घसरत नाही, वर जाते, झोका घेतल्यासारखी. आमचे पोट्टे गायले की तिथला थवा ऐकायचा, अन् भुर्रकन दुसऱ्या गवतावर जाऊन बसायचा. आमचे मागं गेले की तो थवा अजून पुढं. मांडवातला तो घोळका मले आठवला. "हे कोणती बोली बोलून राहिले बे?"

दीदी म्हणाल्या, "रुक. चोंच पूरी लाल नहीं हुई है अभी."

मी रोज जायची. कापण्या आटोपल्या, खळी उठली, मंडीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली. गवत पिवळं पडलं. आमचे पोट्टे थव्यापासून थोडं दूर बसायचे अन्, हे पाहा हं, गायचे नाहीत. ऐकायचे. माना वाकड्या करून. थंडी पडली तेव्हा ते अंतर कमी झालं. मग एके दिवशी मोजाले गेली तर थवा एकच होता. अन् थंडी सरता सरता बाभळीवर मी निळ्याले पाहिलं. तीच निळी कडी, पण चोच आता डाळिंब. बाजूले फिक्या रंगाची एक मादी, पायात कडी नाही, म्हणजे इथलीच. निळा गायला. म्हाताऱ्याचे मणी, एक न् एक, तसेच्या तसे. अन् शेवटी त्रिर्र, वर! झोका! मी बांधावर एकटी होती अन् मी दोन्ही हात वर करून अशी ओरडली की गवत कापणाऱ्या बायांनी विचारलं, "का होगे नोनी? साँप हे का?"

त्यानं म्हाताऱ्याचं गाणं सोडलं नाही. अन् अभनपुरचंही घेतलं. दोन्ही त्याचंच. मी नागपूरले फोन करून बहिणीले हे सगळं सांगितलं. ती म्हणे, "हव." अन् आम्ही दोघी पोट धरून हसलो.

म्हातारा अजून केंद्रात आहे. ऊन आलं की गाते. सौरभ अजून हिंदीतच उत्तर देते. देऊ दे.

तर काल. पैऱ्याचा वास, हळू स्कूटी, ट्रॅक्टरवाला भैया. मी कालव्यावर पोचली. सौरभ दुर्बीण घेऊन आधीच आलेला. मागच्या वर्षी ऊसात घरटी झाली होती हे आम्हाले माहीत होतं. आता यंदा आमच्या पोट्ट्यांचे पोट्टे मोठे झालेले असणार, पण किती, कोणते, ते साहेबांना सांगायचं होतं. त्यायचा फोनच आला. स्पीकरवर टाकला.

"बोलो. अपने वाले गा रहे हैं कि नहीं?"

तेवढ्यात ऊसातून गाणं आलं. एकदम स्वच्छ. मी डोळे मिटले. सुरुवात... पिवळ्यासारखी? नाही. दम घेणं... लालचं? नाही. शेवट वर गेला. दुसरीकडून दुसरं आलं. मग तिसरं, गवतातून. मी कान देऊन ऐकून राहिली, ऐकून राहिली. सौरभ दुर्बीण फिरवत होता, पण पाखरं पानांत, पाय कोणाचेच दिसेनात.

"अपना वाला था क्या?" सौरभनं विचारलं.

"अरे बोलो भई," फोनवरून साहेब. "कितने अपने, कितने यहाँ के?"

"साहेब," मी म्हटलं, घाईत मराठीतच, "ओळखूच नाही येऊन राहिलं! एकही नाही! सगळे सारखेच गाऊन राहिले!"

"तो इतना खुश काहे को हो रही है?"

"म्हणूनच तर, साहेब!"